खूणगाठ

पडद्यावर दोन चित्रं येतात, तांब्या आणि बादली. प्रश्न एवढाच: यातली एक वस्तू दुसरीत मावेल का? मावेल. बटण दाबायचं. पुढची जोडी, शिडी आणि कपबशी. नाही मावणार. मग लिंबू आणि पिशवी. असं बराच वेळ चालतं. एका फेरीत चित्रं एकेकटी येतात आणि प्रश्नही बदलतो: हे सजीव की निर्जीव?

थोड्या वेळानं खरी परीक्षा सुरू होते. आधी एकेक वस्तू दाखवून विचारतात, "ही मघाशी पाहिली होती का?" त्यानंतर पुन्हा जोड्या येतात. पण काही जोड्यांत लबाडी केलेली असते. तांब्याही पाहिलेला, पिशवीही पाहिलेली, मात्र तांब्या होता बादलीबरोबर आणि पिशवी होती लिंबाबरोबर. आता प्रश्न असा: "या दोन वस्तू मघाशी एकत्र होत्या का?"

चित्रं मी आपल्या घरातली घातली आहेत. परीक्षा मात्र खरी आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांची स्मृती नेमकी कुठे अडखळते हे शोधण्यासाठी अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांतल्या संशोधकांनी मिळून ती घडवली. तिचं नाव राइज. वस्तूकडे एकटी म्हणून पाहणं आणि दोन वस्तूंमधलं नातं पाहणं ही दोन कामं त्यांनी वेगळी काढली. मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते याच गोष्टीनं. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या ‘आठवण’ नावाच्या गोष्टीला शिवण कुठे आहे हे एका साध्या प्रश्नानं उलगडता येतं.

मराठीत एखादी गोष्ट पक्की लक्षात ठेवायची तर आपण म्हणतो, मनाशी खूणगाठ बांध. घरातल्या बायका खरोखरच पदराला गाठ मारून ठेवत. गाठीत काहीच लिहिलेलं नसे. नंतर हाताला ती लागली की "अरे हो, विरजण मागायचं राहिलंय" हे आपोआप वर येई. गाठ म्हणजे दोन गोष्टींची जोड: पदराचं टोक आणि विरजण. स्किझोफ्रेनियातल्या स्मृतीवरचं गेल्या पन्नास वर्षांचं संशोधन वाचताना हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण त्या संशोधनाचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो: गाठ बांधलीच जात नाही, की बांधलेली सुटते, की बांधलेली असूनही हाताला लागत नाही?

हा प्रश्न विचारायलाच फार उशीर झाला. या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन करणारे जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांचं मत असं होतं की या रुग्णांची स्मृती तुलनेनं फारशी बिघडत नाही. रुग्णांना आपलं पूर्वायुष्य तपशीलवार सांगता येई. आपण रुग्णालयात किती दिवस आहोत हेही त्यांना ठाऊक असे. क्रेपेलिन जे पाहत होते ते खरंच होतं. पण ती जुनी स्मृती होती, आजाराच्या आधी बांधलेल्या गाठी. नवी गाठ बांधायला सांगून पाहण्याची पद्धतशीर परीक्षा त्यांच्या निरीक्षणात नव्हती. १९०८ साली स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव सुचवलं. पुढे या आजाराची ओळख पक्की झाली ती भास, संशय आणि विस्कटलेलं बोलणं यांवरून. मराठी प्रेक्षकांपैकी अनेकांना तो पहिल्यांदा जवळून दिसला २००४ सालच्या ‘देवराई’ चित्रपटातून. तिथेही आपल्या मनात ठसतं ते वास्तव आणि भास यांचं एकमेकांत मिसळणं. आज सांगितलेली गोष्ट उद्या हरवते, हे या आजाराचं अंग लोकांच्या नजरेआडच राहिलं.

१९९० साली ब्रिटनमध्ये पीटर मॅकेना आणि सहकाऱ्यांनी ६० रुग्णांची स्मृती तपासली. त्यांनी वापरलेल्या परीक्षेत रोजच्या जगण्यातली कामं असतात. परीक्षक तुमची एखादी वस्तू तुमच्यासमोर लपवून ठेवतो आणि सांगतो, "शेवटी माझ्याकडून मागून घ्या." गजर वाजला की एक ठरलेला प्रश्न विचारायचा असतो. खोलीत आखून दिलेल्या वाटेनं चालून दाखवायचं असतं. निष्कर्ष स्पष्ट होता. स्मृतीची अडचण अनेकांत होती, बऱ्याच जणांत ती ठळक होती, आणि एकूण बुद्धीच्या मानानं ती जास्तच होती. लगेच पुढच्या वर्षी फिलाडेल्फियातल्या अँड्र्यू सेकिन आणि गूर दांपत्याच्या गटानंही औषधं चालू नसलेल्या रुग्णांत शिकणं आणि लक्षात ठेवणं या दोन गोष्टी विशेष बाधित असल्याचं दाखवलं. १९९४ साली याच गटानं ज्यांनी कधीच औषध घेतलेलं नाही अशा, पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांतही तेच पाहिलं. म्हणजे "गोळ्यांमुळे डोकं चालत नाही" एवढंच उत्तर पुरेसं नाही.

आता परीक्षेच्या दोन जातींकडे वळू. मंडईत यादी न घेता गेलात आणि "काय काय आणायचं होतं?" असं स्वतःला विचारलंत, तर ते प्रत्यावाहन. मनातून ओढून काढायचं. तेवढ्यात समोर कोथिंबिरीची जुडी दिसली आणि "हो, हीच!" असं झालं, तर ती प्रत्यभिज्ञा, साध्या भाषेत ओळख. ओळख सोपी, कारण वस्तू स्वतःच गाठीपर्यंत बोट नेऊन पोचवते. १९९९ साली नेदरलँड्समधल्या आंद्रे आलेमन यांनी ७० अभ्यासांचे निकाल एकत्र करून मोजले. प्रत्यावाहनातलं अंतर १.२१ निघालं, ओळखीतलं ०.६४. ही संख्याशास्त्राची मापं आहेत, त्यांचा अर्थ उलगडून सांगतो. शंभर निरोगी माणसं गुणांनुसार रांगेत उभी केली तर प्रत्यावाहनात सरासरी रुग्णाच्या पुढे सुमारे ८९ जण असतील, ओळखीत सुमारे ७४.

वाचणारा म्हणेल, मग झालं की, नोंद मनात आहे, फक्त ओढून काढता येत नाही. इथेच एक सुंदर शंका उभी राहते. ओळखीची परीक्षा मुळात सोपी असते, आणि सोप्या परीक्षेत सगळ्यांनाच चांगले गुण मिळतात, त्यामुळे फरक कमी दिसतो. मग दिसलेला फरक स्मृतीचा की प्रश्नपत्रिकेचा? विस्कॉन्सिनमधले लॉरेन आणि जीन चॅपमन यांनी १९७०च्या दशकात ही शंका इतकी नेमकी मांडली की या क्षेत्रातल्या प्रत्येकाला आपली परीक्षा पुन्हा तपासावी लागली. १९८४ साली अव्राहम कालेव्ह यांनी त्यावर मार्ग काढला. निरोगी माणसांना दोन्ही परीक्षा सारख्याच अवघड जातील अशा त्या आधीच जुळवून घ्यायच्या, आणि मग रुग्णांना द्यायच्या. तसं केल्यावरही प्रत्यावाहन जास्त कोलमडलं. तराजू आधी रिकामा तोलून पाहावा आणि मगच माल घालावा, तशी ही शिस्त आहे. माणसाच्या मनावर निदानाचा शिक्का मारणाऱ्या शास्त्रात ती असायलाच हवी.

पण ओळखही पूर्ण शाबूत नाही, हे ०.६४ सांगतंच. तेव्हा दोष फक्त ओढून काढण्यात नसून बांधण्यातही असावा. आलेमन यांच्याच हिशेबात याला आणखी एक दुजोरा आहे. लगेच विचारा किंवा थोड्या वेळानं विचारा, रुग्ण आणि निरोगी यांच्यातलं अंतर जवळपास तेवढंच राहतं. गाठ सुटत असती, तर वेळ जाईल तसं अंतर वाढलं असतं.

बांधताना काय होतं, हे पाहायला शब्दांची यादी घ्या: आंबा, हातोडा, म्हैस, पेरू, करवत, शेळी, चिकू, पाना, गाय. एकदा ऐकवा आणि म्हणायला सांगा. बहुतेक जण नकळत फळं एकत्र म्हणतात, जनावरं एकत्र, अवजारं एकत्र. यादीत ती विखुरलेली होती, मनानं ती परस्पर लावून घेतली. कुणी सांगितलेलं नसताना! स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांत ही परस्पर लावालाव कमी होते. शब्द ऐकला जातो, कळतो, पण शेजारच्या शब्दाला जोडला न जाता सुटाच राहतो.

आणि आता या सगळ्या कथेतली मला सर्वांत जास्त आशा देणारी गोष्ट. १९७६ साली शिकागोत सून को आणि सहकाऱ्यांनी तरुण रुग्णांना शब्द दाखवले आणि एक निरागस प्रश्न विचारला: हा शब्द तुम्हाला किती सुखद वाटतो? प्रत्येक शब्दाला त्यांनी गुण द्यायचे. नंतर तेच शब्द आठवायला सांगितले, तर रुग्णांनी निरोगी तरुणांच्या तोडीस तोड शब्द सांगितले. त्यांच्या डोक्यात काहीही नवं घातलेलं नव्हतं. फक्त शब्द वाचताना एक प्रश्न सोबतीला दिला होता. जे काम निरोगी मन स्वतःहून करतं, ते त्या प्रश्नानं करवून घेतलं. सगळ्या अभ्यासांत फरक इतका पूर्ण पुसला गेलेला नाही, हे खरं. पण गाठ बांधणारे हात शाबूत असतात, त्यांना सुरुवात करून द्यावी लागते, एवढं या प्रयोगानं दाखवून दिलं.

हे का घडतं त्याची पार्श्वभूमी टोरांटोतल्या फर्गस क्रेक यांच्या कामात आहे. शब्द इंग्रजीच्या मोठ्या लिपीत आहे की लहान, असं विचारलं की मन अक्षरांच्या पृष्ठभागावरून सरकतं आणि शब्द विसरतो. तोच शब्द एखाद्या वाक्यात बसेल का, असं विचारलं की अर्थापर्यंत उतरावं लागतं आणि शब्द टिकतो. क्रेक आणि एंडेल टुल्व्हिंग यांनी हे १९७५ साली प्रयोगांतून सविस्तर दाखवलं. पुढे डॅनियल रॅगलंड यांनी असेच उथळ आणि खोल प्रश्न मेंदूचं चित्रण चालू असताना रुग्णांना विचारले. शब्द मोठ्या लिपीत की लहान? आणि मूर्त की अमूर्त? खोल प्रश्नाचा फायदा रुग्णांनाही झाला. मात्र त्या वेळी कपाळामागचा डावा भाग, म्हणजे डावा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्यांच्यात तितका जागा झाला नाही.

इथे क्षणभर थांबतो, कारण ही परीक्षा मराठीत आणायची म्हटलं की एक मौजेची अडचण येते. देवनागरीत मोठी-लहान लिपी असा भेदच नाही! बॉस्टनच्या एका गटानं उथळ काम म्हणून दुसरा उपाय वापरला होता. शब्दातल्या अक्षरांत एक रेघ दुसरीला कुठे कुठे मिळते ते मोजायचं, म्हणजे इंग्रजी ‘टी’सारखे सांधे. आपल्या शिरोरेखेखाली असे सांधे जागोजागी आहेत, मोजता मोजता माणूस थकेल. मराठीत कदाचित "या शब्दात काना आहे का?" असं विचारावं लागेल. परीक्षेचं भाषांतर म्हणजे नुसते शब्द बदलणं नव्हे. मनाला ज्या पातळीवर थांबवायचं तिथेच थांबवणारा प्रश्न आपल्या लिपीतून नव्यानं शोधावा लागतो. मराठी रुग्णाची स्मृती मराठीतून घडवलेल्या मापानंच मोजली गेली पाहिजे. चित्रांवर चालणाऱ्या राइजचा एक मोठा फायदा इथेच दिसतो. तांब्या बादलीत मावतो की नाही हे ठरवायला लिपी लागत नाही.

बॉस्टनच्या त्या गटाचा निकालही सांगायला हवा. स्टेफान हेकर्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली शब्द आठवताना मेंदूतला रक्तप्रवाह पाहिला. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा वळणदार भाग असतो. घटनेचे सुटे धागे, म्हणजे काय, कुठे, कुणाबरोबर, हे सगळे एकत्र बांधण्याचं काम बरंचसं त्याच्याकडे असतं. निरोगी माणसांत शब्द यशस्वीपणे आठवताना हिप्पोकॅम्पसचं काम वाढलं. रुग्णांत ते तितकं वाढलं नाही. पण रुग्णांचा हिप्पोकॅम्पस झोपलेला नव्हता, उलट त्यातला रक्तप्रवाह आधीपासूनच जास्त होता. दिवसभर मोठ्यानं वाजत राहिलेल्या रेडिओवर बातमीचा आवाज वेगळा कसा ऐकू यावा, तसं काहीसं.

आणि राइज? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पन्नासाहून अधिक रुग्णांनी, ज्यांचा आजार त्या वेळी स्थिर होता, ती परीक्षा चित्रण चालू असताना दिली. एकेकट्या वस्तूकडे पाहून केलेल्या नोंदीपेक्षा नात्याकडे पाहून केलेली नोंद त्यांना जास्त जड गेली. नातं जोडण्याच्या त्या क्षणीच कपाळामागचा वरचा, बाजूचा भाग कमी सक्रिय दिसला. तांब्या आहे, बादलीही आहे. दोघांमधली दोरी पातळ आहे.

दोरी पातळ असली की जगणं कसं होत असेल? लग्नाच्या मांडवात कुणी हसून हात हलवतं. चेहरा ओळखीचा, पण कुठला, कधीचा, ते सापडत नाही. मग एकदम उलगडतं: पंढरपूरच्या गाडीत शेजारी बसले होते, डब्यातली पोळीभाजी दिली होती. आधीची ती ‘ओळख वाटणं’, नंतरची ती खरी ‘आठवण’. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गमध्ये ज्याँ-मारी दानियों यांच्या गटानं १९९५ साली रुग्णांना ओळखलेल्या प्रत्येक शब्दापुढे सांगायला लावलं, हा पाहिल्याचा क्षण आठवतोय की नुसता ओळखीचा वाटतोय? रुग्णांत ‘क्षण आठवतोय’ची उत्तरं कमी झाली, ‘ओळखीचा वाटतोय’ची नाही. आपण सगळे अधूनमधून त्या मांडवात अडकतो, पण काही क्षणांत बाहेर पडतो. जग ओळखीचं आहे पण त्याला पत्ता नाही, अशा स्थितीत दिवसचे दिवस राहणं कसं असेल, याचा विचार करताना मला या माणसांच्या धीराचं नवल वाटतं.

हा पत्ता हरवण्याचा प्रकार आणखी एका दारापाशी नेतो. १९९१ साली रिचर्ड बेंटॉल आणि सहकाऱ्यांनी काही सूचक प्रश्न विचारून रुग्णांकडून उत्तरं काढून घेतली आणि काही उत्तरं स्वतः ऐकवली. आठवड्यानं विचारलं, यातलं तुम्ही काय म्हणालात आणि आम्ही काय? ज्यांना आवाज ऐकू येत, ते डोकं खाजवून स्वतः शोधलेली उत्तरं परीक्षकाच्या नावावर घालण्याची चूक जास्त करत. स्वतःचा विचार आणि ‘हा माझा’ ही खूण यांच्यातली गाठ सुटली, तर तो विचार बाहेरून आल्यासारखाच वाटणार. भासांचं पूर्ण कोडं यातून सुटत नाही. पण भास आणि विस्मरण या दोन वेगळ्या तक्रारींच्या मुळाशी एकच धागा असू शकतो, हे सुचणं विलक्षण आहे. हॅम्बुर्गचे स्टेफेन मोरिट्झ आणि व्हँकुव्हरचे टॉड वुडवर्ड यांना याच रांगेत पुढे आढळलं की रुग्णांना आपल्या चुकीच्या आठवणींची खात्री जास्त असते आणि बरोबर आठवणींची कमी. त्यावरून त्यांनी एक प्रशिक्षण उभं केलं. आठवण अंधुक असेल तर लगेच निष्कर्षावर जायचं नाही, आधी आणखी पुरावा पाहायचा, असं त्यात गटानं बसून शिकवतात.

या परीक्षांचा घराशी संबंध काय? १९९६ साली लॉस एंजेलिसच्या मायकेल ग्रीन यांनी तोवरचे अभ्यास पडताळले, तेव्हा शब्दांची स्मृती ही समाजात वावरणं, माणसांमधल्या अडचणी सोडवणं आणि नवी कौशल्यं शिकणं या तिन्हींशी जोडलेली निघाली. भास थांबल्यावरही नोकरी का टिकत नाही, या घरोघरच्या दुःखाचं एक कारण इथे आहे. जगात सुमारे २.४ कोटी माणसं या आजारासह जगतात. त्यांच्यातल्या किती जणांना ‘आळशी’, ‘बेफिकीर’ ही विशेषणं मिळाली असतील!

उपायही याच वाटेवर सापडतात. सवयीनं हाताला बसणारी स्मृती या आजारात बरीच टिकून राहते. रॉबर्ट कर्न यांनी २००२ साली रुग्णांना कार्डं लावायला आणि संडासाच्या फ्लशची टाकी जोडायला शिकवलं. पद्धत अशी की काम लहान तुकड्यांत पाडायचं आणि चूक होऊच द्यायची नाही. "करून बघ, चुकलं तर सांगतो" या नेहमीच्या पद्धतीनं शिकलेल्यांपेक्षा या रुग्णांचं काम सरस झालं. कारण स्वतःची चूक आणि तिची दुरुस्ती यांची जोडणी त्यांना जड जाते, आणि चूकच हाताला बसण्याचा धोका असतो.

घरी कुणी या आजारासह जगत असेल तर दोन गोष्टी करून पाहा. नवी गोष्ट सांगताना तिच्याबरोबर एक प्रश्न द्या. "गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय" एवढ्यावर न थांबता "गुरुवारी जायचंय, बसनं जाऊ या की रिक्षानं? तुला काय बरं वाटेल?" असं विचारा. प्रयोगशाळेत ‘सुखद वाटतं का’ या प्रश्नानं जे साधलं, त्याच्याच जवळ जाणारं हे आहे. आणि दुसरं, औषधांमुळे येणारा ताठरपणा व हातांचा कंप कमी करायला ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी दिली जाते. तिच्यानं स्मृती आणखी मंदावू शकते. ती अजून लागते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद मात्र करू नका.

राहता राहिलं नाव. जपानी भाषेत या आजाराला पूर्वी ‘मन फाटण्याचा आजार’ अशा अर्थाचा शब्द होता, आपल्या ‘छिन्नमनस्कते’सारखाच. १९९३ साली तिथल्या रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेनं तो बदलण्याची मागणी केली, आणि २००२ साली ‘जुळवणीतला बिघाड’ अशा अर्थाचा नवा शब्द आला. धागे जुळवण्याची अडचण, म्हणजे प्रयोगशाळांत जे दिसत होतं त्याच्या कितीतरी जवळचं. जुन्या नावाच्या काळात ३६.७ टक्के रुग्णांना त्यांचं निदान सांगितलं जाई. नवं नाव आल्यावर तीन वर्षांत ते प्रमाण ६९.७ टक्क्यांवर गेलं. मराठीतही ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द आता बदलायला हवा.